सोमवारची रांग

देगू, ९ जून २०२०

आई,

नव्या वर्षाचा राहिलेला नमस्कार आधी घे, मग बाकीचं. लसूण काढायला घेतला असशील. बाबांचा गुडघा कसा आहे? धाकट्या सेबॉमची शाळा सुरू झाली, की बयो अजून लोळतेय? मुळ्याचं किमची संपलं. डबा धुऊन ठेवलाय, ओरडू नकोस.

पत्र कशाला, म्हणशील. अगं, फोनवर तू बोलू देतेस कुठे! ‘पोटात दुखतंय’ म्हटलं की ‘मूल झालं की थांबेल,’ आणि फोन खाली. पत्र काही मध्येच तोडता येत नाही.

तर ऐक. नव्या वर्षाला ऑफिसचं काम होतं म्हणून आले नाही, ते खोटं. दोन दिवस मी थंडीसाठी खालून तापवलेल्या फरशीवर पोट टेकून पडले होते. लसणाच्या दिवसांतही दरवर्षी याचमुळे पळायचे. तू सगळ्या गल्लीत सांगायचीस, ‘शहरात राहून आळशी झालीय.’ फार लागायचं मला ते.

या दुखण्याला नाव आहे, एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतलं अस्तर बाहेर भलत्याच जागी वाढतं आणि दर महिन्याला तिथे आग आग होते. माझ्या डाव्या अंडाशयावर गाठ होती. मार्चमध्ये ऑपरेशन ठरलं होतं. तुला कळवलं नाही, रागाने. मग ही साथ आली. हॉस्पिटलने फक्त साथीचे पेशंट घ्यायला सुरुवात केली, माझी तारीख रद्द, आणि गोळ्या उरल्या मोजून वीस. रडून घेतलं आणि उठले.

तू दिलेलं शेतकरी सोसायटीचं कॅलेंडर स्वयंपाकघरात लावलंय. तू त्यावर फवारणी नि पाऊस लिहितेस ना, तसं मी दुखणं लिहायला लागले. दहापैकी किती, काय खाल्लं, किती चालले. त्यातून कळत गेलं. नूडल्स खाल्ले की पोटाचा नगारा, पेज बरी. वेदनेची गोळी असह्य झाल्यावर नाही, चाहूल लागताच घ्यायची. गुडघ्यांत उशी, पोटाला गरम पाण्याची पिशवी. तरी मार्चच्या मध्यावर तीनच गोळ्या राहिल्या.

आणि मग तुझा तो फोन. ‘मास्क जन्मसालाप्रमाणे मिळतायत, तू एक्याण्णवची, तुझा सोमवार!’ मी म्हटलं, आई, बाबांनी नोंद उशिरा केली, कार्डावर ब्याण्णव आहे. ‘मी जन्म दिलाय की कार्डाने?’ तुझ्यापुढे कोण बोलणार! दुखण्याने डोकं बधिर झालं होतं, गेले सोमवारीच.

तासभर रांगेत उभी राहिले. औषधांच्या दुकानातल्या ग्वाकबाई कार्ड बघून म्हणाल्या, ‘ताई, तुमचा मंगळवार.’ मी तिथेच मट्कन खाली बसले. मागचे लोक भीतीने चार पावलं सरकले. ग्वाकबाई मात्र धावत बाहेर आल्या.

‘ताप आहे?’

‘ताप नाही हो, पाळी आहे!’ भर रांगेत ओरडले मी. जन्मात पहिल्यांदा.

त्यांनी आत बसवलं, गरम पाणी दिलं. ‘डॉक्टर आता फोनवर तपासतात, चिठ्ठी फॅक्सने इथे येते. कुणी सांगितलं नाही?’ नव्हतं सांगितलं. त्यांच्याच खुर्चीतून फोन लावला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘किती दुखतं?’ परत तारीख मिळाली तर दाखवायला काढलेले कॅलेंडरचे फोटो मोबाइलवर होते, ते तारीखवार वाचून दाखवले. बाईंनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, ‘इतकं नीट मला कुणी सांगितलं नव्हतं.’ दुसरी गोळी दिली. रोज, खंड न पाडता.

मे महिन्यात माझ्या कॅलेंडरवर सलग एकोणीस शून्यं आहेत, आई! आणि काल हॉस्पिटलने परत बोलावून तपासलं. गाठ निम्म्याने आटलीय. ऑपरेशन तूर्त नको, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी जिन्याने उड्या मारत खाली आले. तुझ्या हटवादीपणाने मला वाचवलं; आता हे गल्लीत सांग.

एवढंच लिहून थांबणार होते. पण एक राहिलंय. तुझ्या कॅलेंडरवर दर महिन्याला दोन-तीन तारखांभोवती गोल असायचे. त्या दिवशी तू ‘कंबर धरलीय’ म्हणत भिंतीला टेकून भाकर-तुकडा न खाता बसायचीस. पंधरा वर्षांपूर्वी ते गोल बंद झाले. तुला कुणी विचारलं नाही, मीही नाही. तू मला जे सांगत आलीस, तेच तुला कुणीतरी सांगितलं असणार. माझा राग तिथेच संपला.

पण गेल्या चुसॉकच्या सणाला आले तेव्हा त्या कॅलेंडरवर परत गोल दिसले, पेन्सिलीने काढलेले. ते तुझे नाहीत, आई. सतरा वर्षांची पोर लोळत नाहीये. तिला ‘सोस’ म्हणू नकोस. ग्वाकबाईंनी एका डॉक्टरीणबाईंची वेळ घेऊन ठेवलीय.

शनिवारी येते. दिवसभर तुझ्या बरोबरीने लसूण उपटीन, आणि परतताना सेबॉमला घेऊन जाईन. त्याआधी नव्या वर्षाचा नमस्कार करायचाय, गुडघे टेकून, कपाळ पार जमिनीला लावून.

आता मला वाकता येतं.

तुझी, तुझ्या हिशेबाने एक्याण्णवचीच,
ह्येरिम