धुळवडीची अख्खी मांडी

२ मार्च, रविवार

लिहायला उशीर झाला, त्याबद्दल माफी. खताच्या दुकानदारानं जानेवारीत ही डायरी दिली तेव्हा रोज लिहायचं ठरवलं होतं. आता होळी तोंडावर आली. मधल्या काळात लिहिण्यासारखं काही घडलं नाही, आणि जे घडलं ते लिहिण्यासारखं नव्हतं. वाचणारं कुणी नाही, मग माफी कुणाची मागतोय कोण जाणे. पण सुरुवात नीट झालेली बरी.

आज नांदेडहून शिल्पाचा फोन आला. होळी-धुळवडीला ती, जावई सुदर्शनराव आणि विहीणबाई येणार. विहीणबाई, म्हणजे सिंधुबाई, लग्नानंतर पहिल्यांदाच आमच्याकडे मुक्कामाला.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आम्ही त्यांच्याकडे जेवलो. परात भरून मटण पुढे ठेवलं आणि विहीणबाई हसून म्हणाल्या, घ्या हो व्याही, लाजू नका, तुमच्याकडं रश्श्यात बुडी मारून फोड शोधावी लागते म्हणं. सगळे हसले. मीही हसलो. शिल्पा तेवढी ताटाकडे बघत राहिली. ते ताट अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

निश्चय: यंदा रस्सा नाही. बोकडाची अख्खी मांडी भाजायची. परातीच्या बाहेर आली पाहिजे. आणि मी स्वतः भाजणार. फोनवर सांगूनही टाकलं. शिल्पा म्हणाली, बाबा, आईला करू द्या, साधंच करा, मला तिथं राहायचं हाय. शेवटचं मला नीट कळलं नाही. नेटवर्क खराब होतं.

४ मार्च, मंगळवार

यूट्यूबवर व्हिडिओ पाहिला. एक दाढीवाला माणूस मांडीला मसाला चोळतो, ओव्हनमध्ये ठेवतो, पुस्तक वाचत बसतो आणि काढून कापतो. बस एवढंच. ओव्हन आपल्याकडे नाही. पण आगटी आहे! खड्ड्यात गोवऱ्या पेटवून हुरडा भाजायला अख्खं गाव मलाच बोलावतं. ज्याला ज्वारीचं कणीस भाजता येतं त्याला मांडी का येणार नाही?

सरस्वतीबाईला, म्हणजे आमच्या मंडळींना, हे सांगितलं. म्हणाली, कणसाला हाड नसतंय.

तिचं शिक्षण कमी. माझं सातवीपर्यंत झालंय.

७ मार्च, शुक्रवार

ट्रायल घेतली. एक कोंबडी आगटीत पुरली. बाहेरून कोळसा, आतून गार. कारण स्पष्ट आहे, वारा उलटा होता. शिवाय कोंबडी ब्रॉयलर. मांजरीला घातली, तिनं वास घेतला आणि निघून गेली.

१० मार्च, सोमवार

आज डोकं चाललं. चूक वाऱ्याची नव्हती, विस्तव कमी पडला. मांडीला रात्रभर मोठा विस्तव पाहिजे. एवढी गोवरी, एवढं लाकूड आणायचं कुठून? आणि मारुतीपुढून येताना बघितलं तर गल्लीची होळी रचणं चालू. बाभळीचे ओंडके, गोवऱ्यांच्या माळा. सकाळपर्यंत निखारा राहतो. आयतं!

मनात जरा आलं की होळीत पुरणपोळीचा नैवेद्य पडतो, तिथं मटण चालेल का. पण अग्नीला सगळं सारखं, असं मी कुठंतरी वाचलंय. कुठं ते आठवत नाही. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर सरप्राइज राहत नाही.

१३ मार्च, गुरुवार, होळी

सकाळीच अहमदपूरला जाऊन मांडी आणली. खाटीक म्हणाला, मामा, तुकडे करून देऊ का? म्हटलं, नको. म्हणाला, एवढं भांडं हाय का घरी? म्हटलं, भांडं लागतच न्हाई. तो शेजारच्या गिऱ्हाइकाकडे बघून हसला. हसू दे.

सरस्वतीबाई पुरणात गुंतली होती. मी गोठ्यात बसून काम उरकलं. दही, हळद, आलं-लसूण, घरचा काळा मसाला. वर दोन लिंबं कापून दोऱ्यानं बांधली. मग पळसाची पानं, त्यावर कापड, त्यावर रानातल्या काळ्या मातीचा जाड लेप. कापड मजबूत पाहिजे म्हणून दोरीवरचं नवं उपरणं घेतलं. तसंही ते मी वापरत नाही, फार भारी आहे.

संध्याकाळी पाहुणे आले. विहीणबाई पुरणपोळी खाऊन चांगली झाली म्हणाल्या. मी म्हटलं, उद्याचं बघा. त्या म्हणाल्या की त्या दरवर्षी होळीचा विस्तव स्वतः आणतात, त्यावर पाणी तापवून अंघोळ केली की वर्षभर अंगाला काही होत नाही, सुदर्शनलाही घालतात. उद्या इथल्याच होळीचा आणीन म्हणाल्या. मी मान डोलावली. तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही.

होळी पेटली, माणसं घरी गेली. मांडी निखाऱ्यात नीट खोल पुरून आलो. दिवस उगवायच्या आत काढायची. अलार्म लावला नाही, जन्मभर कोंबड्याच्या आधी उठतोय. पोळ्या मात्र तूप घालून जरा जास्त झाल्या.

१४ मार्च, शुक्रवार, धुळवड. दुपार

घाईत लिहितोय, अक्षर समजून घ्यावं.

जाग आली ती आरडाओरड्यानं. ऊन ओसरीवर आलेलं. तसाच मारुतीपुढे पळालो.

शेजारची सरजाबाई विस्तव न्यायला सगळ्यांच्या आधी आली होती. एकटी बाई, नवरा नाही, मूल नाही. बायकांची गर्दी झाली की तिला कुणी पुढे येऊ देत नाही, म्हणून लवकर येते. तिनं निखारा उकरला आणि खालून ती मांडी निघाली. काळ्या मातीला तडे जाऊन लेप गळून पडलेला. काळ्या मातीला भेगा पडतात हे मी जन्मभर रानात बघत आलोय, काल कसं आठवलं नाही? अर्धं जळलेलं, हळदीनं पिवळं झालेलं कापड, वर दोऱ्यानं बांधलेली लिंबं, आत काहीतरी मांसाचं.

कुणीतरी ओरडलं, भानामती!

मग काय. बाया लेकरांना ओढून मागे सरल्या. विहीणबाई घमेलं घेऊन तिथंच उभ्या, म्हणायला लागल्या, माझ्या लेकावरच केलंय, काल आलो आन् आजच! त्यांनी सुदर्शनरावांच्या तोंडावरून हात फिरवला. आणि कुणी म्हणालं, सगळ्यात आधी कोण आलं हितं? सरजाबाईच की. दुसरा म्हणाला, हिला गल्लीतून काढा म्हणून मी कधीचा सांगून राहिलो. सरजाबाई खाली बसली. म्या न्हाई वो, म्या आत्ताच आले, एवढंच म्हणत होती.

मी मागे उभा होतो. मनाशी म्हटलं, आत्ता बोललो तर गोंधळ वाढेल. जरा शांत झालं की सांगू.

शिल्पा वाकली आणि कापडाचा काठ बघितला. माझ्याकडे वळून म्हणाली, बाबा, हे तुमचं उपरणं हाय ना? माझ्या लग्नात सासूबाईंनी तुम्हाला आहेर केलेलं?

मी म्हणालो, न्हाई. असली लई असतात बाजारात.

हे मी म्हणालो. लिहून ठेवतो, कारण नंतर मला वाटेल की म्हणालोच नव्हतो.

तेवढ्यात सरस्वतीबाई पिठाच्या हातानं गर्दीत शिरली. म्हणाली, हाय की, त्यांचंच हाय. कालपासून दोरीवर न्हाई ते. आन् भानामतीला कुणी काळा मसाला लावतंय का? वास घ्या की वास, माझ्या हातचा हाय. बोकडाची मांडी हाय ती. ह्यांनीच पुरली. उठ सरजे, घरी चल.

दोघातिघांनी वाकून खरंच वास घेतला. मग एकजण हसला आणि सगळी गल्ली हसली. रामकिशन मामाची भानामती!

विहीणबाई हसल्या नाहीत. रिकामं घमेलं त्यांनी सावकाश खाली ठेवलं. म्हणाल्या, सुदर्शन, गाडी काढ. अंघोळ नांदेडला जाऊन करू.

शिल्पा बॅग भरत होती. मी दारात जाऊन म्हटलं, जेवून तरी जा, आई दुसरं मटण लावते. ती म्हणाली, सरजाकाकूला गल्लीतून काढून राहिले होते, बाबा. तुम्ही उभं राहून बघत होता. म्हटलं, मी सांगणारच होतो. म्हणाली, कधी?

गाडीची काच बंद होती.

त्याच दिवशी, संध्याकाळ

शांतपणे विचार केला. मुळात माती शाडूची पाहिजे होती. आणि होळी लवकर विझली, लाकूड ओलं असणार. मारुतीमागे कुत्र्यानं मांडी ओढत नेली आणि हाडापर्यंत सगळी खाल्ली. म्हणजे आतून शिजली असणार.

हे सरस्वतीबाईला सांगितलं. ती म्हणाली, कुत्रं कच्चंबी खातंय.

१५ मार्च, शनिवार

पुरणपोळ्या घेऊन सरजाबाईकडे गेलो. दारापर्यंत गेलो. झोपली असेल म्हणून परत आलो. दिवसाढवळ्या कोण झोपतं, असं सरस्वतीबाई म्हणाली. पुन्हा गेलो.

म्हटलं, सरजाबाई, चूक झाली. तिनं पोळ्या ठेवून घेतल्या. म्हणाली, भाऊ, काल वहिनी आल्या म्हणून मी सुटले. न्हाई आल्या असत्या तर?

मी म्हटलं, तर मी सांगितलंच असतं.

ती हो म्हणाली आणि डबा धुऊन आणायला आत गेली. मी डब्यासाठी थांबलो नाही.

१९ मार्च, बुधवार, रंगपंचमी

शिल्पाचा फोन नाही. मी केला तर वाजून बंद होतो. आईशी बोलली असेल म्हणून विचारलं. सरस्वतीबाई म्हणाली, मलाबी न्हाई केला. तिथं तिला काय काय ऐकावं लागत असंल, कुणाला ठावं.

बाहेर पोरं रंग खेळतायत. मला बघितलं की वास घेतल्यासारखं नाक वर करतात.

मोबाइलवर मेसेज लिहायला घेतला. आधी मातीचं लिहिलं, ते पुसलं. लाकडाचं लिहिलं, तेही पुसलं. मग काही सुचेना, म्हणून आधी इथं लिहितो, मग त्यात उतरवीन.

शिल्पे, तू फोनवर म्हणाली होतीस ना, मला तिथं राहायचं हाय. त्या दिवशी नेटवर्क चांगलं होतं. मला सगळं ऐकू आलं होतं. पोचलीस का, तिकडे काय म्हणतात, जेवतेस ना, एवढं तरी लवकर कळव. मला नाही तर आईला कळव.