बुजवलेल्या फटी

८ जाने., गुरु. सुट्टी.
लेकीचा साखरपुडा ठरला, प्राचीचा. १ फेब्रु., रविवारी, घरीच. मुलाकडचे निगडी प्राधिकरणातले, स्वतःचा बंगला. तेव्हापासून तिची आई, संगीता, माझ्या मागं लागलीय. "या फरशीवर बसवायचं का त्या लोकांना?" फरशी शहाबादी, दादांनी सुट्टीच्या दिवसांत स्वतः बसवलेली. एक लादी दुसरीसारखी नाही, फटीत बोट जातं. भिंतींना ओल, पोपडे. ठेकेदार येऊन बघून गेला. त्याचा आकडा ऐकल्यावर मी त्याला दुसरा चहा विचारलाच नाही.
म्हटलं, याच्या चौथाईत करून दाखवतो. बोलून तर बसलो.

१२ जाने., सोम.
कंपनीच्या बसमध्ये लिहितोय, अक्षर हलतंय. डिस्पॅचचा पवार म्हणाला, "भाऊ, मोशीला प्रदर्शन उठतंय बुधवारी. स्टॉलवाले चार दिवस वापरलेलं फ्लोअरिंग विकून मोकळे होतात. तू फक्त टेम्पो आण." आज पार्ट तपासताना डोक्यात आमच्या हॉलची मापंच चालली होती.

१५ जाने., गुरु.
मिळालं. लाकडाच्या डिझाइनची व्हिनाइल शीट, दोन मोठे रोल. वॉलपेपरची न उघडलेली पाच बंडलं. घासाघीस करून करून पवार थकला, मी नाही. एका शीटवर बाणाचं स्टिकर आहे, 'बाहेर जाण्याचा मार्ग'. निघत नाही. तो तुकडा खाटेखाली घालू.
आई खाटेवरून ऐकत होती. "कशाला झाकतूस रं? तुझ्या बापानं बसवलीय ती."
म्हटलं, आई, फरशी तिथंच राहणार आहे, फक्त वरून दिसणार नाही.
ती म्हणाली, "मग न्हाईच ना."
उगाच काहीतरी.

१८ जाने., रवि. सेकंड शिफ्ट.
दुपारी जायच्या आधी भिंत. खाटेमागून मोरीपर्यंत भिंतीवर कमरेच्या उंचीला एक काळपट, तेलकट पट्टा आहे. संगीता म्हणते, आईंचा हात. "केसांना तेल चोपडायचं आणि भिंत धरत चालायचं. किती वेळा पुसू?" पॉलिशपेपर मारला, वरून वॉलपेपर. ओल येऊ नये म्हणून त्याच्या आत फ्लेक्स लावला, गल्लीतल्या एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा. त्याचं तोंड भिंतीकडं केलंय. भिंत अशी गुळगुळीत कधीच नव्हती.

२२ जाने., गुरु.
आज फरशी. पहाटे पाचला सुरुवात. पवार म्हणत होता, शीट तशीच अंथर. पण मग वरून फटींच्या रेघा उमटतात. मी वीस वर्षं क्वालिटीत आहे, असलं काम माझ्या घरात चालणार नाही. सगळ्या फटी आधी पुट्टी-सिमेंटनं बुजवल्या. मोरीच्या वळणावर टवका उडालेली लादी आहे, तीही भरून काढली. वाळल्यावर पट्टी टेकवून कंपनीतल्या फट मोजायच्या गेजनं तपासलं. पातळ पातं कुठंच शिरलं नाही. मग सोल्यूशन लावून शीट.
संध्याकाळी शेजारपाजार बघायला आला. संगीता खूश. प्राचीनं फोटो काढून निगडीला पाठवले. मी चारदा चप्पल काढून हॉलमधून चालून आलो.
आई जेवायला आत आली नाही. पाय सरकतोय म्हणाली. ताट खाटेवर दिलं.

२४ जाने., शनि.
आई दोन दिवस खाटेवरच. विहारात वंदनेलाही गेली नाही, शेजारच्या मावशी बोलवायला आल्या तर गुडघ्याचं कारण सांगितलं. मोरीत जायचं तर प्राचीला हाक. मला कळतंय, ही रुसलीय, दादांच्या फरशीवरून. शिफ्टवरून आलो होतो, डोकं तापलेलं. बोललो, "आई, घर तुझ्या एकटीचं नाही. पोरीचं लग्न आहे."
ती खाली बघत राहिली. म्हणजे मला तसं वाटलं.

२६ जाने., सोम. सुट्टी.
हे लिहायला हात होत नाही, पण लिहितो.
सकाळी संगीता आणि प्राची साड्या आणायला पिंपरीला. मी दाढी करत होतो. हॉलमध्ये आलो तर आई मधोमध उभी, एक हात पुढं, आणि एक पाय पुढंमागं फिरवतेय. लुगडं ओलं. पाय ओले.
"आई, काय झालं?"
"मोरी कुठं गेली रं?"
मोरी तिच्या पाठीमागं होती.
खाटेवर आणून बसवलं, लुगडं बदललं. मग तोंडासमोर हात हलवला. पापणीसुद्धा हलली नाही. हळूहळू बोलली. दोन वर्षं झाली, आधी कडेचं जायला लागलं, मग मधलं. आता उजेड-अंधार तेवढा कळतो. खाटेपासून नऊ फटी पायानं मोजायच्या. दहावी टवक्याची लादी. तिथं हात पुढं केला की भिंत, आणि पोपडे संपले की मोरी. "तुझ्या बापानं वाकडीतिकडी बसवली म्हणून तर कळायचं. परत्येक फट येगळी."
सांगितलं का नाहीस?
"सांगितलं असतं तर तू म्हणला असता, बस एका जागी."
म्हणालो असतो. नक्की म्हणालो असतो.
दोन वर्षं मी हिच्या हातचा चहा पितोय. एकदा साखरेऐवजी मीठ पडलं होतं, तर मी हसलो होतो. तांदळात खडे राहतात म्हणून संगीता कुरकुरायची. आणि भिंतीवरचा तो पट्टा. तो मी स्वतः घासून काढला. कंपनीत केसाएवढा फरक पकडतो मी. घरात माझी आई आंधळी झाली आणि मला दिसलं नाही.

२८ जाने., बुध. रजा.
डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेला उजेड थेंब घालून टिकवायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरातलं सामान हलवू नका. यांना जे ओळखीचं आहे तेच यांचे डोळे." मी मान हलवली. संगीता माझ्याकडं बघत नव्हती.

२९ जाने., गुरु.
शीट काढायला घेतली तर संगीतानं हात धरला. "रविवारपर्यंत थांबा. तीन दिवस. मी नेईन त्यांना मोरीला, हवं तर कामावर रजा टाकते." ती चुकीचं बोलत नाही. निगडीला फोटो गेलेत. आईही तेच म्हणते, "पोरीचं होऊ दे आधी."
थांबलो. खोटं कशाला लिहू, मला बरंही वाटलं. चांगलं झालंय हो काम.

३१ जाने., शनि.
बसमध्ये असतानाच प्राचीचा फोन. "पप्पा, आजीनं पाणी प्यायचं बंद केलंय. तांब्या सकाळपासून भरलेलाच आहे. मोरीला जायला लागू नये म्हणून." आणि मग म्हणाली, "मला नको तसला साखरपुडा."
आल्या आल्या सुरी घेतली. खाटेपासून मोरीच्या वळणापर्यंत दीड फुटाचा पट्टा कापून ओढला. संगीता बघत राहिली. खाली दादांची फरशी निघाली, पण फटी नाहीत. माझी पुट्टी. दगडासारखी धरलीय. आईला हाताला धरून आणलं. तिनं तळवा टेकवला, पुढं सरकवला, परत मागं आणला.
"ही आपली न्हाई," म्हणाली.
शीट तर कुणीही काढली असती. फटी मी बुजवल्यात.

१ फेब्रु., रवि.
पहाटे चारपासून छिन्नी-हातोडी. हळू मारावी लागते, लादीची कड गेली तर ती फट तिची राहणार नाही. एका फटीला दीड तास. सहा वाजता संगीता शेजारी येऊन बसली, साडी खोचून, जुना स्क्रू-ड्रायव्हर घेऊन. म्हणाली, "पाहुण्यांना काय सांगायचं ते मी बघते." पुट्टीच्या धुळीनं दोघांच्याही भुवया पांढऱ्या.
दहाला हात धुतले. चार फटी झाल्या. अकराला निगडीचे येणार.
आई नवं लुगडं नेसून उठली. कुणाचा हात घेतला नाही. पहिल्या फटीवर अंगठा फिरवला, मान हलवली. दुसरी. तिसरी कोरताना जरा रुंद झाली होती, तिथं थांबली, पुन्हा फिरवला, मग पुढं. चौथी. त्यापुढं पाय फिरवत राहिली.
"पुढची कुठंय?"
"अजून झाली नाही, आई."
"किती ऱ्हायल्या?"
"पाच. आणि टवक्याची लादी."
हॉलच्या मधोमध ती उभी राहिली. मी हात पुढं केला. तिला तो दिसत नव्हता. बाहेर गाडीचं दार वाजलं, संगीता पदर सावरत दाराकडं गेली. आई म्हणाली, "तू कर. मी थांबते हितंच."
छिन्नी खाटेखाली होती, बाणाच्या स्टिकरवर. मी ती परत उचलली.