पुण्याचं कॅलेंडर, काशीचा सूर्य

अण्णा,

तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली, आणि हे मी लिहितेय मुलीच्या सुट्टीच्या यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, आपल्या दुर्गाघाटाच्या घरात, जिन्यात बसून. खुर्चीत बसवत नाही. दोन ओळी लिहिते, उठते, गच्चीत डोकावते, परत येते. वर मुलगी माझ्याकडे पाठ करून बसलीय. नऊ वर्षांची आहे. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. नाताळच्या सुट्टीत आईचं गाव दाखवायचं म्हणून तिला पुण्याहून घेऊन आले. यादी मीच केली: सारनाथ, सकाळचा दुधाच्या फेसाचा मलइयो, नावेतून घाट, गच्चीवर पतंग, लाकडी खेळण्यांचा कारखाना. प्रत्येकापुढे वेळसुद्धा लिहिली. उद्या दुपारची गाडी आहे, यादीवर सगळीकडे बरोबरच्या खुणा झाल्यात, आणि पोरीनं धड काही पाहिलेलं नाही. जिथे जावं तिथे माझा फोन वाजतो. सारनाथला ती हरणं बघत होती आणि मी झाडामागे उभी राहून कुणाला तरी आकडे समजावत होते. आज सकाळी कारखान्यात फिरत्या यंत्रावर तिच्यासाठी लाकडाची चिमणी घडत होती. कारागीर पिवळी लाख चढवणार, तेवढ्यात ऑफिसातून फोन आला आणि मी तिचा दंड धरून तिला बाहेर काढलं. चिमणी तिथेच राहिली. गल्लीत ती थांबली आणि म्हणाली, "आई, तुझी सुट्टी नक्की असते तरी कधी?"

मला तिच्यावर खेकसायचं होतं, पण आठवलं, हेच मी तुम्हाला विचारलं होतं, तिच्याच वयाची असताना. वहिनीला सांगितलं तर ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "ताई, मुलगी परेशान झालीय हो. चार दिवसांत पूरी काशी थोडीच दाखवायची असते? जरा बसा तिच्याजवळ." बसायला गेले, तर पोरगी सरकून आणखी लांब बसली.

तुम्ही रामघाटाच्या वेदपाठशाळेत शिकवत होतात. तुमच्या शाळेला प्रतिपदेला आणि अष्टमीला सुट्टी, माझ्या शाळेला रविवारी. या दोन सुट्ट्या वर्षातून पाच-सात वेळा एकत्र यायच्या, आणि त्यातल्या निम्म्या तुमच्या कुणा यजमानाच्या घरच्या पूजेत जायच्या. म्हणून मामानं पुण्याहून पाठवलेल्या कॅलेंडरात मी आधीच लाल पेन्सिलीनं गोल करून ठेवत असे. फाल्गुनातला एक रविवार होता, कॅलेंडरात अष्टमी. रामनगरचा किल्ला आणि तिथल्या महाराजांच्या जुन्या मोटारी दाखवायचं तुम्ही कबूल केलं होतंत. मी नवा फ्रॉक घालून पहाटेपासून दारात. आणि तुम्ही उपरणं खांद्यावर टाकून पाठशाळेत निघालात. मी कॅलेंडर पुढे केलं. तुम्ही चष्मा वर सारून ते पाहिलंत आणि म्हणालात, "कॅलेंडर पुण्याचं आहे, सूर्य काशीचा. इथे तो अर्धा तास आधी उगवतो, तेव्हा सप्तमी संपलेली नव्हती. उगवतीला जी तिथी, तीच दिवसाची. आज सप्तमीच. अष्टमी उद्या." उद्या सोमवार. मी ते पान टरकन फाडलं. तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "पान फाडून तिथी बदलत नाही." आणि गेलात. तेव्हा मी ओरडले होते, तुमची सुट्टी असते तरी कधी! मला तुमचा मनापासून राग आला होता, आणि सूर्याचाही.

सोमवारी दुपारी मी वर्गात बसलेय आणि दारात तुम्ही उभे. धोतर, गंध, हातात पिशवी. बाईंना म्हणताय, "बहनजी, घर में ज़रूरी काम है." आयुष्यात खोटं न बोललेला माणूस! तुमचे कान लाल झालेत. रामनगरला जाऊन यायला आता वेळ उरला नव्हता, म्हणून नावेनं समोरच्या वाळूवर गेलो. आईच्या हातच्या दशम्या, दोन पेरू. मी बोलत नाही. तुम्ही धोतर वर खोचून वाळूत बसलात, दोन्ही हातांनी उपसून किल्ला केलात, त्याला बुरूज केलेत. मग पायातली चप्पल काढून किल्ल्याच्या दारात लावलीत. "ही महाराजांची मोटार," म्हणालात आणि ज्या आवाजात ऋचा म्हणायचात त्याच खणखणीत आवाजात भोंगा वाजवलात, पों पों. मी तोंड फिरवून नदीकडे बघत बसले. तुम्ही आणखी एकदा वाजवलात, जरा हळू. मग किल्ला हातानं सपाट केलात, चप्पल झटकून पायात घातलीत. संध्याकाळी आईला सांगत होतात, "तिला नाही आवडलं." त्यानंतर तुम्ही मला कधी कुठे चल म्हणाला नाहीत. मीही कॅलेंडरावर गोल करणं सोडून दिलं.

तीन वाजता मीटिंग आहे. आत्ताच कळवलं, येऊ शकत नाही, घरी जरुरीचं काम आहे. फोन वहिनीच्या डाळीच्या डब्यावर ठेवलाय. तो दोनदा थरथरला, दोन्ही वेळा मी अर्धी उठले आणि बसले. वहिनी दशम्या बांधून देतेय. पोरीला म्हटलं, पलीकडे वाळूवर जाऊ या. ती म्हणाली, "नको." पण चपला शोधतेय.

हा कागद कुठे द्यायचा, कळत नाही. घडी घालून पिशवीत टाकते. ती वाळूवरही माझ्याकडे पाठ करून बसेल. बसू दे, मी किल्ला मोडणार नाही. कारण अण्णा, त्या दिवशी तुम्ही भोंगा वाजवलात तेव्हा मी हसत होते. ते तुम्हाला दिसू नये म्हणूनच नदीकडे तोंड केलं होतं.