गुलाबी जर्सीची बातमी

नाजिमाआपा,

आज आमच्या कॉलेजची बास्केटबॉल फायनल होती. स्तनाच्या कॅन्सरच्या जनजागृतीसाठी मुली गुलाबी जर्सी घालून खेळल्या. कॉलेजची प्रसिद्धी माझ्याकडे. व्हायरल गाण्यावर रील केलं, तरी एकही पत्रकार फिरकेना. म्हणून काल प्रेसनोटमध्ये एक ओळ घातली: 'कसबा पेठेत ब्लाउज शिवणारी माझी मोठी बहीण या आजारातून बरी झाली.' नाव दिलं नाही, एवढीच काय ती अक्कल. आज पेपरात नेमकी तीच ओळ ठळक आली, खाली माझं नाव. आणि तू सासरी पित्ताशयाचं ऑपरेशन म्हणून सांगितलंयस.

माफी मागायला बसले, पण धड मागताही येत नाही. मॅचनंतर आमची कॅप्टन स्वराली मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅम, पेपरातलं वाचलं. मलाही छातीत गाठ लागतेय. आईला कसं सांगू?"

मी म्हटलं, "लपवू नकोस. आत्ताच फोन लाव."

तिने माझ्यासमोर लावला.

सकाळपासून तुझा हा पाचवा फोन. वाजतोय, आणि मी त्यावर उशी दाबून धरलीय.

तुझीच,
मिसबा