खरी ठरलेली एकोणीस पत्रं

३ मार्च
आलो एकदाचा. खोली दुसऱ्या मजल्यावर, समोर शिंप्याचं दुकान. घरमालकीणबाई म्हणाल्या, नळ जरा रुसका आहे, दोनदा फिरवावा लागतो. माझ्या गुडघ्यांचंही तसंच आहे म्हटलं, तर खळखळून हसल्या. झाली ओळख.

कचेरीतलं काम झकास. हे मृत्युपत्र वडिलांनी लिहिलेलंच नाही, ही चिठ्ठी भावाची नव्हे, असे शंकेचे कागद इथे तपासायला येतात. माझी शाळा सातवीतच सुटली; पण चाळीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले, त्यामुळे कोण कसं लिहितो ते बोटांना कळतं. प्रमुख बाई खूप शिकलेल्या, वयाने लेकीसारख्या. मला काका म्हणतात.

५ मार्च
पद्धत साधी आहे. ज्यांच्याबद्दल वाद नाही ते कागद म्हणजे नमुना. ते एकीकडे, शंकेचे दुसरीकडे. मोठे शब्द माणूस निवडून घालतो, ते सोडून द्यायचे. ‘पण’, ‘मग’, ‘तरी’, ‘बहुतेक’ असले चिल्लर शब्द नकळत पडतात, ते मोजायचे. लिहिणारा दम कुठे खातो तेही बघायचं. बाई म्हणाल्या, काका, तुम्ही तर पत्राच्या उवा काढता. मी म्हटलं, केसांच्या खोट्या टोपात उवा होत नाहीत, म्हणूनच खोटं पकडता येतं.

१० मार्च
आज एक पुडकं सोडलं. माझ्या ताईचं आहे. मी इथे लागलो हे तिला ठाऊकही नाही.

वहीला तरी खरं सांगतो. ताईचा एकुलता एक मुलगा बोटीवर कामाला होता. तीन वर्षांपूर्वी तो पाण्यात पडला, सापडलाच नाही. त्याने पत्ता माझा दिलेला, म्हणून बातमी माझ्याकडे आली. ताई तेव्हा हृदयाच्या दुखण्यातून नुकती उठलेली. म्हटलं, आठवडाभराने सांगू, आणि तोवर त्याच्या नावाने एक पत्र टाकलं. तिची नजर अधू, म्हणून तो मोठ्या अक्षरांत टाइप करून पाठवायचा. माझं आयतंच फावलं. एक म्हणता म्हणता एकोणीस झाली.

सोबत ताईची चिठ्ठी आहे. लिहिते: पोरगा आधी नुसता खेकसायचा, मोजे पाठव, चष्मा बदल. हल्ली फार गोड लिहितो, जिवाला जप म्हणतो. हा माझाच आहे ना, तेवढं सांगा. त्याची आधीची अकरा पत्रं तिने नमुना म्हणून जोडली आहेत.

१३ मार्च
बाईंना सांगायला दोनदा उठलो, दोनदा पाणी पिऊन जागेवर बसलो. मुलगा गेला हे ताईला कळेल, याचं वाईट वाटतं. भावाने फसवलं हे कळेल, याची भीती वाटते. आणि भीतीच मोठी आहे. लाज वाटते लिहायला.

१४ मार्च
केलं. ताईची चिठ्ठी खिशात घातली आणि दोन्ही गठ्ठ्यांवरच्या ‘नमुना’ नि ‘शंका’ या पट्ट्यांची अदलाबदल केली. माझी एकोणीस झाली नमुना, त्याची अकरा झाली शंकेची. बाईंनी स्वतः मोजलं. निकाल: एकोणीस खरी, अकरा खोटी. खाली माझी सही.

पोराला मी दुसऱ्यांदा बुडवलं.

२१ मार्च
ताईने कचेरीचे आभार मानलेत, शेजारणीकडून लिहवून. खोटी अकरा जाळून टाकली म्हणते. माझं पोर पहिल्यापासून गोडच होतं, मीच विसरले, असंही लिहिलंय.



२६ मार्च
पुन्हा ताईचं पत्र. मुलगा घरी आलाय. भर दुपारी दारात उभा. चेहरा फिकट छपाईसारखा पुसट दिसतो, पण माझे डोळेच अधू, म्हणते. बोलतो मात्र अगदी पत्रातल्यासारखा —

२९ मार्च
शेजारणीचं वेगळं पत्र. घाबरली आहे. तो ती एकोणीस पत्रं पहिल्यापासून तोंडपाठ म्हणत जातो, रोज एखाददोन. शब्दही वेगळा नाही. जेव म्हटलं तरी तेच. मी त्याला कुठल्याच पत्रात जेवताना लिहिलं नव्हतं — तो जेवत नाही. झोपताना लिहिलं नव्हतं —

१ एप्रिल
एकोणिसाव्यात काय लिहिलं होतं ते आठवलं. आई, आता लवकरच तुला माझ्याबरोबर घेऊन जाईन.

२ एप्रिल
बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मला काका म्हणाल्या नाहीत. निकाल फिरवायला त्याचं एक तरी खरं पत्र लागेल, म्हणाल्या.

अकराही जळाली —

३ एप्रिल
ताईच्या घरी. तो अठरावं पत्र म्हणतोय. माझाच आवाज, माझेच लाडिक शब्द. ताईने त्याच्याबरोबर जायला पिशवी भरलीय. तिच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. खोटा तूच, म्हणाली, माझ्याकडे कचेरीचा कागद आहे. त्यावरची सही माझी म्हटलं, तर मला ती वाचता येत नाही म्हणाली —

एकोणिसावं सुरू झालं. तिचा हात त्याच्या हातात —

विसावं लिहितोय, उभ्यानेच, याच वहीत. तो थांबला. मान वळवून वाचतोय —

आई, तू इथेच राहा. तुझ्याऐवजी मी मामाला माझ्याबरोबर घेऊन