हालंडवाल्याचा विक्रम

बाबा, तुमची बर्फाची पेटी काल भंगारवाल्याला दिली. रागावू नका. आतला पत्रा पार गंजला होता आणि तळाला हात लावला तर लाकडाचा भुगा हाती येत होता. झाकण मात्र दिलं नाही. भंगारवाला म्हणाला, "आबा, झाकणाबिगर पेटी कोन घेते?" मी म्हटलं, "नेतो तर ने, नाही तर राहू दे." तो गेल्यावर तासभर मला घोर, की त्याला उगाच तोडून बोललो. तुम्हाला माझा स्वभाव माहीतच आहे. सून म्हणते मी दाराची कडी तीनदा पाहतो. खरं तर चारदा पाहतो, चौथी वेळ तिला दिसत नाही. झाकण ठेवलं ते त्यावर आपला कागदातला हालंडवाला अजून चिकटून आहे म्हणून. त्याचं तोंड कसरीनं खाल्लं, एक पाऊल गेलं. पण ती वाकलेली पाठ आणि पाठीवर ठेवलेला हात जसाच्या तसा आहे. त्याच्याबद्दल तुम्हाला एक सांगायचं राहिलं आहे, म्हणून ही वही घेऊन बसलो. माझं शिक्षण तुम्हाला ठाऊक आहे, चुका होतील.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हा. मी विशीचा, सातवीत नापास होऊन बसलेला. आपल्या देऊळगाव राजात बर्फ बनत नव्हता. तुम्ही सकाळच्या पहिल्या मोटारीनं जालन्याला जाता, कारखान्यातून एक लादी घेता, तिला भुसा चोळून गोणपाटात बांधता आणि टपावर तिच्याशेजारी बसून परत येता. मी स्टँडवर आपल्या गोळ्याच्या गाडीपाशी बर्फ किसायचा रंदा पुसत उभा असतो. मोटार दिसेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. पंक्चर झालं असेल, ऊन वाढलं, लादी निम्मी गेली असेल. तुम्ही टपावरूनच ओरडता, "काऊन बे, असं तोंड करून उभा राह्यला? बर्फ हाये, म्हैस नोहे, पळून नाई जात!" मी म्हणतो, "पण वितळते ना बाबा." तुम्ही शिडीवरून उतरता उतरता म्हणता, "वितळते तं वितळू दे. सारी तं नाई वितळत." तुमचं हे एक वाक्य मला आयुष्यभर जमलं नाही.

हालंडवाला आला तो रद्दीतून. कोणी आजारी माणसासाठी बर्फ न्यायला आला की तुम्ही तुकडा रद्दीत बांधून देत होता. एका साप्ताहिकाचं पान फाडायला घेतलंत आणि थांबलात. बर्फाच्या मैदानावर एक माणूस कमरेत वाकलेला, एक हात पाठीवर, एक हात हवेत, बुटांखाली लांब पाती. खाली छापलं होतं, हॉलंडचा विजेता. नाव मला धड वाचता येईना. दोनदा वाचलं, दोनदा वेगळं निघालं. तुम्ही म्हणालात, "राहू दे. हालंडवाला म्हनू." आणि कणकेची खळ करून तो पेटीच्या झाकणाला चिकटवलात. दुसऱ्या दिवशी गोळा खायला आलेला टांगेवाला त्याला पाहून हसला. "काय हो बर्फवाले, याले मास्तरनं ओणवा केला काय? पाढे नसतील येत!" तुम्ही रंद्यावरचा हात न थांबवता म्हणालात, "मास्तरनं नाई, वाऱ्यानं केला. मी टपावर असाच बसतो. ताठ बसलो तं वारा खाली फेकून देईन." हॉलंड कुठे आहे हे आपल्याला माहीत नव्हतं, पण तो का वाकला हे तुम्हाला बघताक्षणी कळलं होतं.

आणि पात्याचंही. कारखान्यातून नुकती आलेली लादी रंद्यावर अडते, पातं तिला धरून ठेवतं. तुम्ही म्हणायचात, थांब, तिला घाम फुटू दे. जरा घाम फुटला की लादी पात्यावरून सरसर पळते. फोटोतल्या बर्फाकडे तुम्ही कितीतरी वेळ पाहत होता. मग म्हणालात, "आपुन पात्यावर बर्फ चालवतो, हा बर्फावर पातं चालवते. धंदा एकच हाये. त्याच्या पायाखाली बी थोडा घाम फुटत असन, नाई तं पळताच नाई येनार." आता नातीनं मला सांगितलं की शास्त्रज्ञही असंच काहीसं म्हणतात. तेव्हा मला वाटलं होतं की बाबा काहीतरीच बोलतात.

तेव्हापासून हिवाळा आला की तुम्ही मला शेजारच्या शिंपीकाकांच्या दुकानात पिटाळायचात. त्यांच्याकडे पेपर यायचा, एक दिवस शिळा. ते सरकीचे भाव पाहून पेपर इस्त्रीखाली घालायचे. मी त्याआधी खेळाचं पान उघडायचो. सगळा हिवाळा जायचा आणि एखाद्या दिवशी खालच्या कोपऱ्यात हालंडवाल्याच्या दोन ओळी सापडायच्या. मी त्या तुम्हाला वाचून दाखवायचो, कारण तुम्हाला सहीपुरतीच अक्षरं येत होती. पहिल्या वर्षी तो तिसरा आला. तुम्ही म्हणालात, "तिसरा बी काई कमी नाई." दुसऱ्या वर्षी वळणावर पडला आणि शर्यत गेली. त्या दिवशी तुम्ही अर्धी भाकर ताटातच ठेवलीत. आई म्हणाली, "कोन कुठचा मानूस, अन् यायच्या नरड्याखाली घास उतरत नाई." तिसऱ्या वर्षी ती बातमी आली. मी वाचलं, "दहा हजार मीटरच्या शर्यतीत हॉलंडच्या खेळाडूने विक्रम मोडला."

तुम्ही घाबरून विचारलंत, "इक्रम कोन? त्याचं काय मोडलं?"

मला तरी कुठे ठाऊक होतं. मी शिंपीकाकांकडे पाहिलं. ते एवढे हसले की तोंडातल्या टाचण्या खाली पडल्या. "अहो, इक्रम मानूस नोहे! आजवर कोनी एवढ्या लवकर पळाला नाई, असं म्हनते पेपर. इथं मोडनं चांगलं."

"मोडनं चांगलं?" तुम्ही म्हणालात. "पेपरवाल्याइची भाषा बी काई औरच हाये. अन् दहा हजार मीटर म्हंजे किती?"

काकांनी कापड मोजायची नवी मीटरची पट्टी दाखवली. "हे अशी दहा हजार वेळा."

"तुमी त्या पट्टीनं दहा हजार वेळा कापड मोजसान तं दिवाळी येईन," तुम्ही म्हणालात, आणि त्या दिवशी स्टँडवरच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला झाकण दाखवून सांगितलंत, "आपल्या हालंडवाल्यानं इक्रम मोडला." टांगेवाल्याच्या गोळ्यावर तुम्ही रंग दुप्पट टाकलात.

पुढची दोन वर्षं तो जिंकत होता आणि तुमची बोटं मरत होती. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आधी पांढरं पडायचं, मग निळं. मग त्यांना काही कळेनासं झालं. चुलीवरचं भांडं तुम्ही फडक्याशिवाय उचललंत तेव्हा आई रडली. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, बर्फ सोडा. आई म्हणाली, पोराला जालन्याला पाठवा, तुम्ही गाडीवर नुसते बसा. मी खाली पाहत होतो. होळीपूर्वी कारखान्याला कळवायचं होतं, यंदा लादी घेणार की नाही. तुम्ही हसत म्हणालात, "त्या हालंडवाल्याचं काय झालं थे पाहू. त्यानं सोडलं तं मी बी सोडतो. मंग हा जाईन टपावर." आईला वाटलं तुम्ही थट्टा करता. मला माहीत होतं की तुमची अर्धी थट्टा खरी असते.

आठ दिवसांनी बातमी आली. मी शिंपीकाकांच्या ओट्यावर बसलो होतो, तुम्ही समोर गाडीचं चाक बसवत होता. मी मनात वाचलं, मग परत वाचलं. "हॉलंडच्या खेळाडूचा विक्रम मोडला." नॉर्वेच्या एका तरुणानं मोडला होता. खाली लिहिलं होतं की हॉलंडचा खेळाडू या मोसमानंतर शर्यती सोडणार आहे.

तुम्ही चाकामागून विचारलंत, "आलं काय रे काई?"

मी मोठ्यानं वाचलं, "हॉलंडच्या खेळाडूनं विक्रम मोडला."

एवढंच केलं, बाबा. 'चा' च्या जागी 'नं' वाचलं आणि खालची ओळ सोडली. मोडणं चांगलं असतं हे तुम्हाला काकांनी शिकवलेलंच होतं. तुम्ही चाकावर थाप मारलीत. "पाह्यलं का! अजून मोडून राह्यला! चाल, होळी झाली की पयली लादी आनतो." काकांनी पेपर घेतला, सरकीचे भाव पाहिले आणि इस्त्रीखाली घातला. महिनाभर मला धाकधूक होती की त्यांच्या लक्षात येईल. नाही आलं.

तुम्ही आणखी दोन उन्हाळे टपावर बसलात. दुसऱ्या उन्हाळ्यात लादी उतरवताना ती शिडीवर घसरली आणि तुमचा हात लोखंडाच्या पायरीत आणि लादीत सापडला. तुम्ही ओरडला नाहीत. तुम्हाला कळलंच नव्हतं. खालून मी गोणपाट लाल झालेलं पाहिलं आणि ओरडलो. तुम्ही वरून म्हणालात, "काऊन ओरडतं बे? आली ना लादी सगळी." ती दोन बोटं जालन्याला काढली. घरी आल्यावर आई तुमच्या सदऱ्याची बटणं लावत होती. तुम्ही मला विचारलंत, "त्या हालंडवाल्यानं सोडलं काय गा?" मी म्हटलं, "हो बाबा. यंदा सोडलं." तुम्ही म्हणालात, "जितून सोडलं. झकास केलं." त्यानंतर तुम्ही बारा वर्षं जगलात आणि रोज सकाळी मी टपावर जात होतो. मला चक्कर यायची, मी वाकून, एक हात लादीवर ठेवून बसायचो. त्याची सवय व्हायला आठ दिवस लागले. फक्त आठ दिवस.

परवा नातीनं तिच्या फोनवर मला तसलीच एक आताची शर्यत दाखवली. मी साठ वर्षं एका थांबलेल्या माणसाला पाहत होतो, तो जणू पहिल्यांदा पळाला. दोघं दोघं पळतात, बाबा. आतली वाट आणि बाहेरची वाट, प्रत्येक फेरीला अदलाबदल. शेजारच्याशी शर्यत नसतेच म्हणे, सगळी घड्याळाशी असते. शेवटी पाटीवर आकडे आले आणि एक थोराड खेळाडू काठावर उभा राहून टाळ्या वाजवू लागला. मी विचारलं, हा कोण? ती म्हणाली, "याचाच तं रेकॉर्ड मोडला आत्ता." मी म्हटलं, "मग टाळ्या काऊन वाजवून राह्यला?" ती म्हणाली, "मोडतेच ना आबा कधी तरी. मोडासाठीच असते." ती फोन घेऊन गेली. तुम्ही पण असंच काही म्हणाला असता. वितळते तर वितळू दे, सारी तर नाही वितळत. त्या दिवशी खरं वाचलं असतं तर चाक बसवून तुम्ही मला म्हणाला असता, चल, यंदापासून टपावर तू जा. तुम्ही खचला नसता. तुम्ही खचाल अशी भीती मला नव्हतीच.

इतकी वर्षं मी मनाला सांगत आलो की तुमचा आनंद जाऊ नये म्हणून तसं वाचलं. तसं नव्हतं. मला टपाची भीती वाटत होती. मला आणखी एक वर्ष खाली उभं राहायचं होतं.

हे पान मी झाकणाच्या मागे चिकटवणार आहे, हालंडवाल्याच्या पाठीला पाठ लावून. खळ करून ठेवली आहे. आणखी एक सांगतो आणि थांबतो. वर ती बातमी लिहिताना माझ्या हातून आज पण आधी 'खेळाडूनं'च लिहिलं गेलं. खोडून 'चा' केलं आहे.