पाटलाचं धोतर

रविवार, तलवाडा

लहानपणी गणपतीत पडद्यावर पाहिलेल्या भुताच्या सिनेमाची मूळ कादंबरी आज संपवली. डोकं फिरलंय. सिनेमात मेंढपाळाचं भूत पाटलाचं धोतर सोडतं, तेव्हा सगळ्यात मोठ्यानं हसायचे ते आमचे आबा. स्वतः मेंढरं राखणारे. कादंबरीत पाटील त्या मेंढपाळाला खतासाठी रानात मेंढरं बसवायला बोलावतो, अन् मेंढरं पिकात शिरली म्हणून त्याला मारून तिथंच पुरतो. सिनेमात हे काहून गाळलं? आम्ही हसावं म्हणून?

संध्याकाळी आबांनी विचारलं, "पुस्तकात बी धोतर सुटतंय का रे?"

"सुटतंय," म्हणालो.

एकदाही सुटत नाही. अन् उद्यापासून आबांची मेंढरं आमच्या पाटलाच्या रानात बसायचीत.